भरतीचे गणित आणि पक्ष्यांची मोजणी : चारोटी-डहाणू-तलासरी परिसरातील शरदअखेरीचे पक्षीनिरीक्षण

प्रस्तावना :

आपल्याकडील पक्षीनिरीक्षणाची शिस्त प्रामुख्याने रानात घडली. पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे, हा त्या शिस्तीचा पहिला पाठ होय. रानपक्ष्यांची दिनचर्या सूर्यावर बेतलेली असल्यामुळे रानात तो पाठ योग्यच ठरतो. समुद्रकिनाऱ्यावरील पाणपक्ष्यांचा दिवस मात्र सूर्यापेक्षा चंद्रावर अधिक अवलंबून असतो. चिखल उघडा पडला की ते अन्न शोधतात आणि पाणी चढले की विश्रांती घेतात. मग ती वेळ सकाळची असो, भर दुपारची असो वा मध्यरात्रीची. साहजिकच घड्याळ पाहून केलेली किनाऱ्यावरील मोजणी पुष्कळदा पक्ष्यांची न राहता पाण्याच्या पातळीची मोजणी होऊन बसते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या संदर्भात हा मुद्दा केवळ अभ्यासपद्धतीपुरता मर्यादित नाही. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे देशातील एक अतिविशाल बंदर उभे राहावयाचे आहे. त्यापूर्वी या किनाऱ्यावर कोणते पक्षी, कोठे आणि भरतीच्या कोणत्या अवस्थेत असत, याची विश्वसनीय नोंद झाली नाही, तर पुढे झालेला बदल चांगला की वाईट हे सांगण्यास कोणताही आधार उरणार नाही. प्रस्तुत लेखात या नोंदीमागील तत्त्व आणि तिची व्यवहार्य पद्धत यांचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१) शरद ऋतूच्या अखेरीस किनाऱ्यावरील पक्षीजीवनाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) भरती-ओहोटी व पक्ष्यांची संख्या यांचा संबंध उलगडणे.
३) मासेमारी बंदर, खाडीकिनारा आणि चारोटीकडील गोड्या पाण्याच्या जागा यांचे परस्परनाते तपासणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर शक्य असलेली नोंदपद्धती सुचविणे.

परिसराचे स्वरूप :

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरील चारोटी हे गाव डहाणूच्या किनाऱ्यापासून सुमारे २५ कि.मी. आत आहे. येथून पश्चिमेकडे निघाले असता भातशेती, सूर्या प्रकल्पाचे कालवे, चिकूच्या वाड्या, खाजणे, तिवरांची झाडी, खाडी आणि शेवटी समुद्र, असा भूप्रदेश थोड्या अंतरात बदलत जातो. किनाऱ्यावर उत्तरेस तलासरी तालुक्यातील झाई, त्याखाली बोर्डी व घोलवड, मध्यभागी डहाणूची खाडी व धाकटी डहाणू, तर दक्षिणेस वाढवण, वरोर आणि चिंचणी ही गावे येतात. बोर्डीकडे रेताड पुळण, खाडीच्या मुखाशी मऊ चिखल आणि वाढवणजवळ ओहोटीला उघडे पडणारे विस्तीर्ण खडप, अशी किनाऱ्याची तीन भिन्न रूपे येथे एकमेकांलगत आढळतात.

पक्ष्यांच्या दृष्टीने ही विविधता फार मोलाची आहे. चिखलात खोलवर दडलेल्या किड्यांसाठी काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याला लांब सरळ चोच लागते. बिळातील खेकडे ओढून काढण्यासाठी कुरलाची चोच खाली वाकलेली असते. शिंपले उघडण्यासाठी कालवफोड्याची चोच चपटी व मजबूत असते, तर चिखल्या आखूड चोचीने पृष्ठभागावरील भक्ष्य नुसत्या नजरेने टिपतो. एकाच ओहोटीत, एकाच पट्ट्यावर हे सारे फारशी स्पर्धा न करता पोट भरू शकतात. तथापि खडपावरील पक्षी चिखलावर आणि चिखलावरील पक्षी खडपावर तितक्याच सुखाने राहील, असे मात्र नाही.

शरदअखेरीचे महत्त्व :

आपल्या देशातील हिवाळी पाणपक्ष्यांची गणना सामान्यतः जानेवारीत होते. १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना याच महिन्यात घेतली जाते. हिवाळ्यात स्थिरावलेल्या पक्ष्यांची संख्या कळण्यासाठी ते योग्यही आहे. परंतु आश्विन-कार्तिकातील चित्र त्याहून निराळे असते.

मध्य आशियाई उड्डाणमार्ग सुमारे ३० देशांवरून जातो आणि भारत त्याच्या दक्षिण टोकाशी येतो. या मार्गाने येणारे पक्षी एकाच वेळी येत नाहीत. उत्तर ध्रुवालगतच्या टुंड्रा प्रदेशात वीण आटोपलेले अनेक जातींचे प्रौढ पक्षी पावसाळा सरण्यापूर्वीच किनाऱ्यावर दिसू लागतात. त्याच वर्षी जन्मलेली पिले मागाहून, पुष्कळदा प्रौढांच्या सोबतीविना येतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थव्यात दोन पिढ्या एकत्र सापडतात. पिसांच्या कडांवरून नवे पक्षी ओळखता येतात आणि त्यांच्या प्रमाणावरून दूरच्या प्रदेशातील वीण कशी झाली असावी, याचा अंदाज बांधता येतो. याच काळात काही पक्षी येथे केवळ विसावा घेऊन पुढे दक्षिणेकडे जातात. जानेवारीच्या गणनेत हे वाटसरू येतच नाहीत.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. किनारपक्ष्यांच्या अनेक जातींत उड्डाणपिसे झडून नवी येण्याची क्रिया हिवाळी मुक्कामाला पोहोचल्यावर, म्हणजे साधारण याच महिन्यांत चालते. नवी पिसे उगवण्यासाठी जादा अन्न लागते आणि अपुऱ्या पंखांनी उडण्यास अधिक शक्ती खर्ची पडते. सुमारे २५ ग्रॅम वजनाच्या छोट्या टिलव्याला अशा वेळी वारंवार उडावे लागले, तर त्याने ओहोटीत मिळविलेले अन्न भरतीतच खर्च होते. शरदअखेरीस थव्याला विनाकारण उडवू नये, या संकेतामागे असे शारीरिक कारण आहे.

भरतीचे गणित :

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा ठोकताळा परिचित आहे : तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, तर पौर्णिमा वा अमावास्येला सुमारे सव्वाअकरा ते बारा वाजता पूर्ण भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे हीच वेळ दिवसा व रात्री, अशी दोनदा येते. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबाचे मूळ त्यातच आहे. डहाणूस ही वेळ मुंबईपेक्षा काहीशी उशिरा येते, म्हणून प्रत्यक्ष कामासाठी भरतीचे छापील कोष्टक पाहणे आवश्यकच आहे. तरीही नियोजनासाठी हा ठोकताळा पुरेसा ठरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी कमी चढते आणि कमीच उतरते. खंभातच्या आखाताकडे जाताना पाण्याचा हा चढउतार वाढत जातो. त्यामुळे डहाणूच्या उथळ किनाऱ्यावर उधाण व भांग यांतील फरक डोळ्यांना सहज जाणवतो.

पक्षीगणनेवर याचा काय परिणाम होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा केला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस. अनेक महाविद्यालये या सप्ताहात पक्षीनिरीक्षणाचे कार्यक्रम घेतात. समजा, एका महाविद्यालयाने सलग तीन वर्षे ५ नोव्हेंबरला सकाळी ७ वाजता डहाणू खाडीच्या एकाच ठिकाणावरून पक्षी मोजले. २०२३ मध्ये त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. म्हणजे सकाळी ७ वाजता भांगाची भरती नुकतीच होऊन गेलेली असणार. २०२४ मध्ये चतुर्थी होती. तेव्हा पहाटेची भरती उतरून ओहोटी निम्म्याहून अधिक झालेली असणार. २०२५ मध्ये कार्तिकी पौर्णिमा होती. त्या वेळी उधाणाची ओहोटी पूर्ण होऊन दूरवर चिखल उघडा पडलेला असणार.

पहिल्या वर्षी काही पक्षी काठाशी दिसतील, दुसऱ्या वर्षी ते उतरत्या पाण्यामागे पांगत असतील आणि तिसऱ्या वर्षी दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर विखुरलेले असतील. पक्ष्यांची खरी संख्या तिन्ही वर्षी सारखीच असली, तरी कागदावर घट दिसेल. अशा आकड्यांचा आलेख काढून ‘पक्षी कमी झाले’ असा निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच उलट क्रमाने आलेल्या आकड्यांवरून ‘पक्षी वाढले’ असे म्हणणेही चुकीचे होय. तारीख व घड्याळ स्थिर ठेवल्याने मोजणी तुलनीय होत नाही. त्यासाठी तिथी आणि पाण्याची अवस्था स्थिर ठेवावी लागते.

सुदैवाने शरदअखेरीची सर्व मोठी उधाणे आपल्या सणांशी जोडलेली आहेत. कोजागरी पौर्णिमा, दिवाळीची अमावास्या आणि त्रिपुरारी पौर्णिमा या तिन्ही वेळी दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. पाणी चढत जाते तसे पांगलेले पक्षी काठाकडे सरकतात आणि अखेर उंचवट्यावर, बांधावर वा खाजणातील कोरड्या तुकड्यावर दाटीने बसतात. मोजणीसाठी हीच उत्तम वेळ होय. भरतीपूर्वीच्या दोन तासांत पक्षी जवळ येत असतात, तेव्हा जाती ओळखाव्यात. पूर्ण भरतीला संख्या मोजावी. दुपारच्या उन्हात हवा तरळू लागते व लांबचे पक्षी अस्पष्ट दिसतात, हा या वेळेचा दोष आहे. विश्रांतिस्थळे आधी हेरून सूर्य पाठीशी घेऊन बसल्यास तो बराचसा टाळता येतो.

बंदरातील पक्षी आणि चिखलातील पक्षी :

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. शरद ऋतूत मासेमारी पुन्हा भरात येते. झाई, धाकटी डहाणू किंवा वरोर यांसारख्या मासेमारी गावांत होड्या लागतात, मासळी निवडली जाते, बोंबील वाळत घालण्याचे बांबूचे मांडव उभे राहतात. या हालचालीभोवती घारी, ब्राह्मणी घारी, बगळे व कावळे जमतात. लडाख-तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी वीण करून आलेले तपकिरी डोक्याचे कुरवही तेथे दिसू लागतात.

या देखाव्यामुळे निरीक्षकाची सहज फसगत होते. कुरव व घारी यांची मोठी संख्या मासळीच्या फेकलेल्या भागांवर पोसलेली असते. ती किनाऱ्याच्या आरोग्याची खूण नव्हे. याउलट टिलवे, तुतवार, चिखल्या, कुरल व कालवफोड्या हे पक्षी बंदरातील उष्ट्यावर जगू शकत नाहीत. त्यांना जिवंत चिखल व जिवंत खडप लागते. दोन्ही गटांची बेरीज करून एकच आकडा दिला, तर चिखलातील पक्षी निम्मे होऊनही कुरव वाढल्यामुळे एकूण संख्या वाढल्याचे दिसू शकते. म्हणून बंदर आणि पाणथळ यांचे तक्ते स्वतंत्र असणे अत्यावश्यक आहे.

तिवरांविषयीही असाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तिवर हे माशांच्या पिलांचे आश्रयस्थान व किनाऱ्याचे संरक्षक कवच आहे. बगळे, खंड्या व रातबगळे यांचे ते घरच आहे. परंतु उघड्या चिखलावर चरणारे किनारपक्षी दाट झाडीत उतरत नाहीत. दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागाच त्यांना सुरक्षित वाटते. तेव्हा एका ठिकाणच्या चिखलपट्ट्याची हानी दुसऱ्या चिखलपट्ट्यावर तिवरांची लागवड करून भरून निघत नाही. उलट किनारपक्ष्यांसाठी ते दुहेरी नुकसान ठरते.

चारोटीकडील गोडे पाणी : पर्याय की पूरक?

किनाऱ्यावरील पक्षी त्रास झाल्यास आतल्या धरणांवर, कालव्यांवर वा शेतांत जातील, असे अनेकदा म्हटले जाते. चारोटी परिसरातील कालवे व भातखाचरे, दापचरीजवळील कुर्झे धरण आणि सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण यांकडे बोट दाखविले जाते. हे म्हणणे अंशतः खरे आहे. भातकापणीच्या वेळी खाचरांतून उरलेल्या ओलीवर गायबगळे, वंचक, मुग्धबलाक, ठिपकेवाले तुतवार, पांढरे व पिवळे धोबी चरताना आढळतात. सोनचिखल्यासारखे पक्षी किनारा आणि शेत अशा दोन्ही ठिकाणी वावरतात. धरणांच्या उथळ काठांवर थापट्या, तलवार बदक, भुवई बदक व वारकरी यांसाठी अनुकूल जागा असते.

मात्र भरतीच्या चिखलावर आणि खडपावरच अवलंबून असणाऱ्या जातींना ही सोय उपयोगाची नाही. कालवफोड्याला धरणाच्या काठी कालवे मिळत नाहीत. वाळूतील चिखल्यांना भाताच्या खुंटांत समुद्री किडे सापडत नाहीत. शिवाय धरणाची पातळी पावसाळ्यानंतर सर्वाधिक असते, त्यामुळे पक्ष्यांच्या आगमनकाळी तेथील उथळ काठ बहुधा पाण्याखालीच असतो. सारांश, चारोटीकडील जलस्थाने किनाऱ्याला पूरक आहेत, पर्याय नाहीत. कोणती जात कोणत्या वर्गात मोडते, हे किनाऱ्यावर व आतील भागात एकाच दिवशी, एकाच वेळी मोजणी केल्यासच सिद्ध होऊ शकते.

वाढवण बंदर आणि आधारनोंदीची निकड :

डहाणू तालुक्याला पर्यावरण संरक्षणाचा स्वतंत्र इतिहास आहे. केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून या तालुक्यातील उद्योगांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदरास नकार दिला. पुढे प्रस्ताव नव्या स्वरूपात आला आणि ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने त्यास अटींसह संमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा असलेल्या या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ कि.मी. लांबीची लाटरोधक भिंत नियोजित आहे. बंदराला महामार्गाशी जोडणारा रस्ताही चारोटीच्या परिसरातील तवा गावाजवळ मिळावयाचा आहे. म्हणजे किनारा व अंतर्भाग या दोहोंत बदल संभवतात.

रोजगार व व्यापार यांच्या अपेक्षा एका बाजूस आणि मच्छीमार व बागायतदार यांचा दीर्घकाळचा विरोध दुसऱ्या बाजूस, असा हा प्रश्न आहे. त्याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. पक्ष्यांच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की, लांब भिंतीमुळे प्रवाह व लाटा बदलतात. आडोशाच्या बाजूस गाळ साचून खडप बुजू शकते किंवा नवा चिखलपट्टाही तयार होऊ शकतो. अन्यत्र किनाऱ्याची धूप होऊ शकते. यांपैकी काय घडले हे ठरविण्यासाठी ‘पूर्वी काय होते’ हे ठाऊक असावे लागते, आणि हे ‘पूर्वी’ नोंदविण्याचा अवधी मर्यादित आहे.

जागतिक परिस्थितीही या निकडीत भर घालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १६ स्थलांतरित किनारपक्ष्यांची स्थिती पूर्वीपेक्षा चिंताजनक असल्याचे जाहीर केले. त्यांत आपल्या किनाऱ्यावर येणारा करडा चिखल्या आणि बाकदार चोचीचा तुतवार यांची गणना ‘असुरक्षित’ या वर्गात झाली. २०२५ मध्ये याच संघाने बारीक चोचीचा कुरल ही जात नामशेष झाल्याचे घोषित केले. तिचे शेवटचे खात्रीलायक दर्शन १९९५ मध्ये मोरोक्कोत झाले होते. म्हणजे जात दिसेनाशी झाल्यानंतर ती गेली असे म्हणण्यास ३० वर्षे लागली. विरळ व विस्कळीत नोंदींची ही किंमत होय.

सुचविलेली नोंदपद्धती :

१) झाई, बोर्डी, डहाणू खाडी, वाढवण आणि चिंचणी या भागांत निरीक्षणाच्या कायम जागा ठरवाव्यात व त्या नकाशावर नोंदवाव्यात.
२) दरवर्षी कोजागरी, दिवाळीची अमावास्या व त्रिपुरारी पौर्णिमा यांच्यालगतच्या दोन दिवसांपैकी एक दिवस निवडून पूर्ण भरतीला मोजणी करावी. दिवाळीच्या सुटीमुळे ही तारीख शैक्षणिक वेळापत्रकात सहज बसते.
३) त्याच पंधरवड्यात पूर्ण ओहोटीच्या वेळी एकदा जाऊन कोणता पक्षी चिखलावर, कोणता खडपावर व कोणता पुळणीवर चरतो, ते नोंदवावे.
४) बंदर, खाडीकिनारा व गोडे पाणी यांचे तक्ते वेगळे ठेवावेत. चारोटी व दापचरी परिसरातील गट किनाऱ्यावरील गटासोबत एकाच वेळी काम करील, अशी योजना करावी.
५) प्रत्येक नोंदीत तिथी, भरतीची वेळ, पाण्याची अवस्था, दृश्यमानता आणि थवा किती वेळा व कशामुळे उडाला, हे लिहावे. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर यादी देतानाही भरतीची अवस्था टिपणीत आवर्जून लिहावी.
६) न ओळखलेल्या पक्ष्यास ओढूनताणून नाव देऊ नये, ‘लहान किनारपक्षी’ असा रकाना ठेवावा. शून्य संख्येचीही नोंद करावी.
७) विश्रांतिस्थळापासून पुरेसे अंतर राखावे. पक्षी माना वर काढून एका दिशेस चालू लागले, तर निरीक्षकाने तेथेच थांबावे.

या कामात केवळ प्राणिशास्त्र विभाग पुरेसा नाही. भरती व किनाऱ्याची रूपे भूगोल विभागाने, आकडेवारीचे विश्लेषण संख्याशास्त्र विभागाने, मांगेला व वारली समाजांतील पक्षीनामे आणि भरतीविषयक पारंपरिक ज्ञान यांचे संकलन मराठी व समाजशास्त्र विभागांनी करावे. बहुविद्याशाखीय अभ्यासाचा हा सहजसाध्य नमुना ठरेल.

निष्कर्ष :

शरदअखेरीस डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर दिसणारी पक्ष्यांची संख्या ही ऋतू, तिथी आणि पाण्याची पातळी या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी तिथी व पाणी वगळून केलेली मोजणी, ती कितीही निष्ठेने केली तरी, वर्षानुवर्षांच्या तुलनेस उपयोगी पडत नाही. मासेमारी बंदरातील गजबज आणि चिखलातील पक्षीजीवन यांचा हिशेब स्वतंत्र ठेवावयास हवा, आणि चारोटीकडील गोडे पाणी किनाऱ्याचा पर्याय मानता येत नाही. वाढवणचे बंदर पूर्ण होण्यापूर्वीची प्रत्येक दिवाळी ही एक आधारनोंद आहे. ती एकदा निसटली की कोणत्याही निधीने वा उपकरणाने परत मिळवता येत नाही. या कामास लागणारी सामग्री म्हणजे दुर्बीण, वही, भरतीचे कोष्टक आणि दरवर्षी त्याच तिथीला त्याच जागी जाण्याचा नेम. यांतील नेम हीच सर्वांत दुर्मिळ वस्तू असून, दरवर्षी नवे विद्यार्थी व तेच प्राध्यापक लाभणारी महाविद्यालये तो पाळण्यास सर्वाधिक समर्थ आहेत.